आकडा फुकट, सही महाग

आमची लेक हुशार आहे हे निदान तिच्या आजीने ती महिन्याची असतानाच करून टाकलं होतं. "बघ, दिव्याकडे कशी टक लावून बघते!" सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला. त्या निदानाला पैसे पडले नाहीत, आधी वेळ घ्यावी लागली नाही आणि निकालही जागच्या जागी मिळाला. दुर्दैवाने, प्रज्ञावंत मुलांसाठीच्या कार्यक्रमाच्या अर्जात आजीच्या मताला रकाना नव्हता. तिथे हवा होता पात्र मानसशास्त्रज्ञाने मुलाला एकट्याला समोर बसवून घेतलेल्या बुद्धिमापन चाचणीचा संपूर्ण अहवाल, दोन वर्षांच्या आतला, सहीशिक्क्यासह. अर्जाच्या डोक्यावर मात्र ठळक अक्षरांत छापलं होतं: 'अर्ज विनामूल्य.'

मी पहिला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फी सांगितली.

"ही वर्षाची का?" मी विचारलं.

"एका वेळची. अहवाल धरून."

'अहवाल धरून' हे त्यांनी इतक्या उदार सुरात सांगितलं, की मी त्यांचे आभार मानले. फोन ठेवल्यावर मग हिशोब केला. मुलीचा बुद्ध्यांक १३० निघाला तर एका अंकाला किती पडतात, आणि १०० निघाला तर किती. पोरगी जितकी हुशार तितका दर स्वस्त, असा तो व्यवहार होता. तरीही परवडत नव्हता.

घरात कामाची वाटणी आपोआप झाली. फोन मी करायचे आणि इतिहास नवऱ्याने वाचायचा. मी एखाद्या दवाखान्याच्या 'कृपया प्रतीक्षा करा'वर लटकलेली असले, की तो शेजारी बसून ज्ञान द्यायचा. "तुला माहितीये का, ही चाचणी मुळात हुशार मुलं शोधायला नव्हतीच. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती केली, शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून."

"फी किती होती?" मी फोनवर हात ठेवून विचारलं.

ते त्याच्या वाचनात आलं नव्हतं. पण त्या चाचणीतला पहिलाच प्रश्न काय होता, हे त्याला सापडलं: पेटती काडी डोळ्यांसमोरून फिरवायची आणि मूल नजरेने तिचा माग घेतं का ते पाहायचं. हे कळल्यापासून सासूबाई माझ्याशी वेगळ्याच अधिकाराने बोलू लागल्या आहेत.

पुढे १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची युक्ती काढली, आणि १९१६ साली स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी त्याला शंभराने गुणून बुद्ध्यांक रूढ केला. दहा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलाइतकं येत असेल तर १२०. लहान मुलांपुरतं हे ठीक आहे, पण चाळिशीतला माणूस बायको फोनवर झगडत असताना दहा वर्षांच्या पोरासारखा कोडी सोडवत बसला तर त्याचा बुद्ध्यांक २५ येतो. हे गणित मी त्याला करून दाखवलं. तो म्हणाला, म्हणूनच डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ साली ती पद्धत सोडून दिली आणि माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी करायला सुरुवात केली. सरासरी १००, तिच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंकांत दोन तृतीयांश माणसं, आणि १३० च्या वर शंभरातली साधारण दोन. "त्या दोनांत आपली आहे का, एवढंच बघायचंय," तो म्हणाला. एवढंच!

फुकटात बघायची सोय होती. इंटरनेटवर पंधरा-वीस मिनिटांत बुद्ध्यांक काढून देणाऱ्या चाचण्यांना तोटा नाही. नवऱ्याने एक सोडवली. शेवटी पडद्यावर रंगीत कागद उधळले गेले आणि 'अभिनंदन! तुमचा निकाल तयार आहे' असं झळकलं. खाली निकाल पाहण्याचे पैसे. ते न भरता दुसरीकडे सोडवली, तिथे १४१ आला. त्या दिवसापासून घरातल्या कुठल्याही वादात तो पूर्वीसारखा आवाज चढवत नाही, नुसता हसतो. मी सासूबाईंना एक चाचणी देऊन पाहिली. त्यांनी अर्ध्यातून सोडली, तरी १२६.

आकडा हवा तितका फुकट मिळतो, पैसे पडतात ते सहीचे. हे एकदा लक्षात आल्यावर मी सहीच्या मागे लागले, आणि सही महाग का, हेही मला जबरदस्तीने समजून घ्यावं लागलं. या चाचण्यांच्या पेट्या दुकानात मिळत नाहीत. प्रकाशक त्या पात्रता तपासूनच विकतात, आणि प्रत्येक मुलामागे उत्तरपत्रिका नवीन लागते. मूल आत तास-दीड तास असतं, पण त्याआधी आईबापांची मुलाखत आणि नंतर गुणांची जुळणी, तक्ते, अर्थ लावणं, लिहिणं, हे सगळं मिळून कितीतरी जास्त वेळ जातो. शिवाय प्रश्न गुप्त ठेवावे लागतात, कारण ते फुटले की पेटीची किंमत शून्य. हे सगळं मला एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी फोनवर फार शांतपणे समजावून सांगितलं. मला पटलंही. पटल्यामुळे फी कमी करायला सांगण्याची सोय उरली नाही.

मग स्वस्त वाटा. काही ठिकाणी छोटी चाचणी होती. दहाऐवजी दोन किंवा चार उपचाचण्या, फी निम्मी. कार्यक्रमाच्या कार्यालयाला विचारलं. "संक्षिप्त चालत नाही." तीस-चाळीस मुलांना एका खोलीत बसवून घेतात ती सामूहिक चाचणी? "वैयक्तिक लिहिलंय ना?" लिहिलं होतं. शाळेच्या समुपदेशक म्हणाल्या, शाळा चाचणी करून देते, पण अडचण असलेल्या मुलांसाठी. तुमच्या मुलीला काही अडचण आहे का? मी क्षणभर विचारात पडले. आईला खरं बोलण्याचा मोह होतो तसा खोटं बोलण्याचाही होतो. शेवटी "नाही" म्हणाले, आणि त्या एका शब्दाने आम्ही बिनेच्या मूळ हेतूतून बाद झालो.

मेन्साचा पर्यायही कुणीतरी सुचवला. १९४६ साली ऑक्सफर्डमध्ये निघालेली, वरच्या दोन टक्क्यांत बसणाऱ्यांची संस्था. त्यांच्या देखरेखीखालच्या चाचणीची फी बेताची असते. पण तिच्या कित्येक शाखा लहान मुलांची चाचणी स्वतः घेतच नाहीत. मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्या आणि अहवाल आम्हाला पाठवा, म्हणतात. म्हणजे जो अहवाल परवडत नाही म्हणून मी त्यांच्या दारात गेले, तोच घेऊन या, असं उत्तर. वरच्या दोन टक्क्यांकडून याहून कमी पेचदार काही अपेक्षित नव्हतं.

घोडं गंगेत न्हालं ते विद्यापीठामुळे. मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी जिथे शिकतात तिथे बहुधा प्रशिक्षणाचं क्लिनिक असतं. चाचणी विद्यार्थी घेतो, त्याच्यावर लक्ष ठेवून अहवालावर सही करतात त्याचे पात्र मार्गदर्शक. पेटी तीच, नियम तेच, सही चालते, आणि फी पहिल्या फोनच्या मानाने अंगावर काटा न आणणारी. प्रतीक्षायादी मात्र लांबलचक. माझं प्रामाणिक मत विचाराल तर शोधाला लागणाऱ्याने सगळ्यात आधी तिथे नाव घालावं आणि मग बाकीच्यांकडे अपमान करून घ्यायला जावं. रांग तेवढीच पुढे सरकते.

तिथे उत्पन्नानुसार सवलतही होती. तेव्हा एकाच पाकिटात दोन गोष्टींची कागदपत्रं गेली: मुलगी असामान्य असल्याचा संशय आणि आईबाप सामान्य असल्याचा पुरावा. दुसऱ्याबद्दल कुणी एकही शंका काढली नाही.

मधल्या काळात घरात सल्ल्यांना ऊत आला. आत्याबाईंनी सरावाची पुस्तकं सुचवली. "परीक्षा आहे तर अभ्यास नको?" त्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले, की सराव केला तर ती बुद्धी न मोजता सराव मोजते, आणि एकदा दिलेली चाचणी वर्षभरात पुन्हा दिली तर ओळखीमुळे गुण फुगतात, म्हणून कुणी लगेच घेतही नाही. "म्हणजे एकच संधी?" आत्याबाई म्हणाल्या. "मग तर अभ्यास हवाच!" लेकीला विचारलं तर तिने फक्त, तिथे खेळायला ठोकळे असतात का, एवढी चौकशी केली. असतात. ती तयार झाली.

चाचणीच्या दिवशी आईबापांना आत प्रवेश नाही. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखे आणखी होते आणि सगळे आपापल्या मुलांची नालस्ती करण्यात गुंतले होते. "आमचा कसला, नुसता उनाड." "आमची तर वेंधळी, बूट उलटे घालते." प्रत्येकाच्या हातात प्रज्ञावंतांचा अर्ज. मीही माझ्या मुलीचे दोन-चार दुर्गुण पुढे केले. ती बाहेर आली तेव्हा मी तिला कोपऱ्यात घेतलं.

"काय काय विचारलं गं?"

"बाहेर सांगायचं नाही, ताई म्हणाल्यात."

"मला सांग. मी आई आहे."

"त्या म्हणाल्या, आईला तर मुळीच नाही." मग तिला माझी दया आली असावी. "आधी सगळं येत होतं. मग अवघड झालं. मग आणखी अवघड झालं. मग मला येईना, तर म्हणाल्या, छान, आता दुसरं."

पद्धतच तशी आहे. ओळीने काही उत्तरं चुकेपर्यंत विचारत राहायचं आणि मग पुढचा प्रकार घ्यायचा. नवऱ्याचं म्हणणं, लग्नानंतर माझी त्याच्याशी बोलायची रीत हीच आहे.

काही आठवड्यांनी अहवाल आला. पानंच पानं, आलेख, आणि मधोमध आकडा: १२८. कार्यक्रमाला हवे होते १३०. मी खुर्चीत बसले. नवरा मात्र पुढची ओळ वाचत होता. प्रत्येक मोजमापात थोडी चूक गृहीत धरलेली असते, म्हणून आकड्याबरोबर पट्टा देतात. तिचा खरा बुद्ध्यांक पंचाण्णव टक्के खात्रीने १२२ ते १३३ यांच्या मध्ये. "१३० यात बसतो!" तो ओरडला. मग त्याने मला टर्मनची गोष्ट ऐकवली. त्यांनी १९२१ साली हुशार मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला, दीड हजारांवर मुलं निवडली. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन पोरांचे गुण कमी पडले म्हणून ती बाहेर राहिली. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली. निवडलेल्यांपैकी कुणालाच नाही.

"म्हणजे बघ, नाही घेतलं तर जास्तच चांगलं," तो म्हणाला.

मी कार्यक्रमाच्या कार्यालयात फोन लावला. पट्टा चालतो का?

"ते समिती ठरवेल," तिथले गृहस्थ म्हणाले. "पण अहवाल तुम्ही नाही पाठवायचा. मानसशास्त्रज्ञांकडून थेट आला पाहिजे. मूळ सहीची प्रत, बंद पाकिटात."

मी क्लिनिकला फोन लावला.

"देऊ की," तिथली मुलगी म्हणाली. "जादा सहीच्या प्रतीची फी वेगळी पडेल."

"आम्हाला सवलत होती."

"हो, नोंद आहे. पण तुमचा उत्पन्नाचा पुरावा आता जुना झालाय, मॅडम. नवीन जोडावा लागेल."