नकोसा मेल दारातच अडवा

भारतात सायबर फसवणुकीची चर्चा निघाली की गाडी ठरल्या जागी येऊन थांबते: लोकांनी सावध राहायला हवं. टोरांटोजवळ राहून हे ऐकताना मला वाटतं, ओझं भलत्याच खांद्यावर टाकलं जातंय. साताऱ्यात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांनी रोज सकाळी खरं-खोटं का पारखत बसावं?

त्यांचा इनबॉक्स पाहिला की जीव कातावतो. पर्सनल लोन, एनए प्लॉट, क्रेडिट कार्ड आणि मधेच 'आपला परतावा मंजूर झाला आहे'. वर नाव आयकर खात्याचं, पण नावावर बोट ठेवलं की खाली निघतं भलतंच डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव. "अगं, हा खरा आहे का बघ," म्हणून त्यांचा फोन येतो. स्पॅम फोल्डर आहेच, पण तिथे पडलेला मेलही घरात शिरलेलाच असतो.

कॅनडात १ जुलै २०१४ पासून कायदा आहे. जाहिरातीचा मेल पाठवायचा तर आधी संमती हवी, ती घेतल्याचा पुरावा पाठवणाऱ्यानेच द्यायचा आणि 'नको' म्हटल्यावर कामाच्या दहा दिवसांत थांबायचं. मोडल्यास कंपनीला १ कोटी डॉलरपर्यंत दंड. छोट्या धंद्यांचं काय, असं गावाकडे विचारतात. खरेदी केलेल्या गिऱ्हाइकाला दोन वर्षं वेगळी परवानगी न घेता मेल पाठवता येतो, एवढी सवलत पुरेशी आहे. सामान्य माणसाला थेट दावा लावायचा हक्क मात्र २०१७ मध्ये लागू होण्याआधीच सरकारनं स्थगित केला. ती माघार मला आजही खटकते.

अर्थात परदेशी भामटे कुठल्याच कायद्याला भीक घालत नाहीत. इथल्या करखात्याच्या नावाचे खोटे मेल मलाही येतात. त्यांना अडवायची जागा म्हणजे मेल सर्व्हर, आपल्या वतीनं मेल घेणारा संगणक. मजकूर स्वीकारण्याआधीच तो पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, काळ्या यादीत आहे का ते पाहू शकतो आणि तिथूनच परत धाडू शकतो. मग एसपीएफ आणि डीकेआयएम या तपासण्या: या डोमेनच्या नावानं पाठवायचा अधिकार या सर्व्हरला आहे का, मेलवरची डिजिटल सही जुळते का. आणि डोमेनच्या मालकानं डीमार्कमध्ये, म्हणजे खोट्या मेलचं काय करायचं हे सांगणाऱ्या नोंदीत, 'रिजेक्ट' लिहून ठेवलं असेल, तर या तपासणीत नापास झालेला मेल घेऊच नका, असा निरोप जगभरच्या सर्व्हरना मिळतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले, पण तिथे डीमार्क नुसतं 'काही करू नका' असं ठेवलं तरी चालतं.

भारताला हे जमणार नाही, असं मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव डोमेनवर यायला सांगितलं. मिळत्याजुळत्या नावांच्या फसवणुकीवर हा नेमका घाव आहे, कॅनडानंही ही कल्पना उचलावी. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनी फोन आणि एसएमएससाठी संमतीची चौकट घातली, १९०९ वर 'नको' सांगायची सोय आहे. ईमेल तेवढा बाहेर राहिला.

तोही आत घ्या. वीज कंपन्या, महापालिका, पतसंस्था यांच्या डोमेनवर 'रिजेक्ट' सक्तीचं करा. आणि बाबांचा पत्ता कुणी कुणाला विकला, हे त्या विकणाऱ्याला विचारा.