'मले' लिहिलं की 'मला' सुचवणारा कीबोर्ड

"आता काय, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. ज्याला लिहायचंय तो लिहितो." असं बहुधा तेच म्हणतात, ज्यांच्या घरातली बोली आणि शाळेच्या पुस्तकातली भाषा एकच असते.

वऱ्हाडीत 'मले', 'तुले' लिहायला जा, कीबोर्ड 'मला', 'तुला' पुढे करतो. अहिराणीतलं 'शे' त्याला चूकच वाटतं. चार ओळी लिहिताना दहादा मागे जावं लागलं की माणूस लिहिणंच सोडतो. उपाय सोपा आहे. जीबोर्डच्या (गुगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-करेक्शन बंद करायचं आणि 'पर्सनल डिक्शनरी'त मराठीखाली आपल्या बोलीतले नेहमीचे चाळीस-पन्नास शब्द भरायचे. हे कुणी सांगत नाही. 'आधी शुद्ध लिहायला शिका' हे मात्र पहिल्याच कमेंटमध्ये येतं.

जे आधीच छापून झालंय, त्याची गत आणखी वाईट. चळवळीतली छोटी नियतकालिकं, स्मरणिका, जयंतीचे विशेषांक वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये लागले. या फॉन्टांत दिसतं देवनागरी, पण आत साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे संकेत. फेसबुकवर पेस्ट केलं की कचरा उमटतो. मग लोक पानाचा फोटो टाकतात. तो मजकूर सर्चमध्ये सहसा सापडत नाही आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही धड वाचता येत नाही. म्हणजे लिहिलं, छापलं, वर टाकलं, तरी नसल्यातच जमा!

त्यापेक्षा डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल मागून घ्या (दुकान बंद होण्याआधी) आणि कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही फोन-संगणकावर तसंच दिसणारं देवनागरी) करा. मग तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासा. एक, ऱ्हस्व वेलांटी: ती जुन्या फॉन्टात अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. दुसरा रफार, त्याचं नेमकं उलटं. तिसरा 'ऱ्ह', 'ऱ्य'मधला अर्धा र. तो बिघडला की 'वऱ्हाड' हा शब्दच धड राहत नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? पंखा बंद करून, फोन वीतभर अंतरावर धरून, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. उतरवताना त्यांचा 'व्हतं' आपल्या 'होतं'ने बदलू नका. आणि नाव! संकलकाचं नाव ठळक आणि गाणारी 'एक वृद्ध महिला', हे आपल्याकडे सर्रास चालतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. आता तो 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहे, आणि तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. असं करता येतं, फक्त करायचं मनात हवं.

एक राहिलं. फेसबुकचं खातं कधीही बंद पडू शकतं, म्हणून दर काही महिन्यांनी सेटिंगमधून आपली माहिती डाउनलोड करून ठेवा. तिथे फॉरमॅट विचारतात तेव्हा एचटीएमएल निवडा. जेसॉन निवडलं तर देवनागरीचा चुरा हाती येतो.