फ्रेममधले मानवाधिकार

गोव्यातल्या वेर्ण्याच्या आमच्या कारखान्यात गेटवर पुन्हा नवी फ्रेम लागली. 'आम्ही मानवाधिकारांचा आदर करतो.' खाली साहेबांची झोकदार सही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ साली उद्योगांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, त्यांचाही उल्लेख आहे. वा! पण कामगाराची तक्रार ऐकून तिचं निवारण करा, हेही त्याच तत्त्वांत आहे ना? ते कुठल्या कपाटात गेलं? तक्रारपेटी आहे म्हणा. किल्ली एचआरकडे, आणि निम्म्या तक्रारी एचआरविरुद्धच!

जादा कामाला दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनच लिहिलेलं. आमच्याकडे मात्र 'बघूया रे, ॲडजस्ट करूया'. कंत्राटी पोरं तर हिशेबातच नाहीत. झारखंड-ओडिशातून आलेली, बारा-बारा तास उभी, आणि कँटीनमध्ये रांगसुद्धा वेगळी. गणेशचवथीची सुट्टी मागितली की साहेबांचा चेहरा नासलेल्या सोलकढीसारखा. (गोव्यात हं, चवथीला!)

काल त्या फ्रेमसमोर फोटोसाठी सगळ्यांना ओळीत उभं केलं. जेवणाच्या सुट्टीत. वर म्हणतात, जरा हसा.