रागीट माणसाच्या शेजारी कोण उभं आहे?

एखाद्या फुटबॉल क्लबने तापट माजी खेळाडूला पहिल्यांदाच मॅनेजर केलं की लगेच एक चर्चा सुरू होते. याचा स्वभाव असा, याला ड्रेसिंग रूम सांभाळता येईल का? सहा महिन्यांत कुणाशी तरी वाजवून घेईल आणि जाईल. मग त्याची जुनी रेड कार्डं, जुनी भांडणं, जुने फोटो बाहेर निघतात. मला ही चर्चाच चुकीच्या जागी सुरू झालेली वाटते. रॉय कीनची मॅनेजर म्हणून सुरुवातीची दोन-सव्वादोन वर्षं नीट पाहिली की आपण भलताच प्रश्न विचारतोय हे लक्षात येतं, म्हणून आज त्याच्याबद्दल सविस्तर लिहितोय.

आज विशीत असलेल्या पोरांना कीन माहीत आहे तो टीव्हीवर दाढी वाढवून बसलेला, कुणाचंही कौतुक सहज न करणारा माणूस म्हणून. खेळाडू कीन त्यांनी पाहिलेला नाही. कॉर्कचा हा मुलगा कोव्ह रॅम्बलर्स या छोट्या क्लबातून १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला ब्रायन क्लफच्या हाताखाली आला. १९९३ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला ३७.५ लाख पौंडांना घेतलं, तेव्हा ब्रिटनमधला तो विक्रम होता. प्रीमियर लीग ७ वेळा जिंकली, १९९७ पासून कॅप्टन. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला ट्यूरिनमध्ये युनायटेड युव्हेंटसविरुद्ध ०-२ मागे होतं. पहिला गोल यानेच हेडरने मारला, नंतर यलो कार्ड मिळालं, म्हणजे फायनल हुकली. तरी उरलेला वेळ तो असा खेळला की त्याला ते कार्ड दिसलंच नसावं. युनायटेड ३-२ ने जिंकलं.

आणि दुसरी बाजूही आहे, ती मी लपवणार नाही. २००१ मध्ये आल्फ-इंगे हालांडवर केलेला तो भयानक टॅकल. २००२ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर सायपान बेटावर आयर्लंडच्या कॅम्पमध्ये मॅनेजर मिक मॅकार्थीशी झालेलं भांडण, आणि स्पर्धा सुरू होण्याआधीच कॅप्टनची घरी रवानगी. त्या वेळी सराव करायला धड मैदान नव्हतं, सामान वेळेवर पोचलं नव्हतं, ही त्याची तक्रार खरीच होती. पण देशाची टीम मागे सोडून तो परतला हेही खरं. आयर्लंडमध्ये घराघरांत या विषयावरून दोन तट पडले होते.

आता ऑगस्ट २००६ कडे येऊ. संडरलंड हा ईशान्य इंग्लंडमधला क्लब आदल्या मोसमात फक्त १५ गुण मिळवून प्रीमियर लीगमधून खाली घसरलं होतं. चॅम्पियनशिपमध्येही, म्हणजे दुसऱ्या पायरीवरच्या लीगमध्येही, पहिल्या चार लीग मॅच हरले. लीग कपमध्ये चौथ्या पायरीवरच्या बरीकडूनही हरले. क्लब विकत घेणाऱ्या गटाचा म्होरक्या होता आयर्लंडचाच माजी खेळाडू नायल क्विन. तोच अध्यक्ष, आणि दुसरं कुणी मिळेना म्हणून तोच तात्पुरता मॅनेजर. हा तोच क्विन, जो सायपानला टीमसोबत थांबला होता, समेट घडवायची खटपट करत होता, आणि ज्याच्यावर कीनने नंतर जाहीरपणे टीका केली होती. दोघांचे संबंध काय दर्जाचे असतील याची कल्पना करा. तरी क्विनने त्यालाच विचारलं. ३५ वर्षांचा कीन नुकताच सेल्टिकमधून निवृत्त झाला होता, मॅनेजर म्हणून एका मॅचचाही अनुभव नव्हता.

मला वाटतं, या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणा निर्णय क्विनचा आहे आणि त्याचं श्रेय त्याला पुरेसं मिळालं नाही. ज्या माणसाने आपला अपमान केला त्याला आपल्याच घरची किल्ली द्यायची, आणि वर त्याच्यासाठी ढाल होऊन उभं राहायचं. बोर्ड, पत्रकार, फॅन यांच्याशी बोलायचं काम क्विनने स्वतःकडे ठेवलं. कीनने फक्त फुटबॉल बघायचा.

आणि त्याने तो पाहिला. ३१ ऑगस्टला ट्रान्सफर विंडो बंद होण्याच्या दिवशी एका दमात सहा खेळाडू घेतले: ड्वाइट यॉर्क, लियाम मिलर, ग्रॅहम कॅव्हना, डेव्हिड कॉनोली, रॉस वॉलेस, स्टॅनिस्लाव्ह वार्गा. बहुतेक त्याच्या ओळखीचे, युनायटेड किंवा सेल्टिकमध्ये सोबत खेळलेले. पहिली मॅच डर्बीच्या मैदानावर. मागे पडून २-१ ने जिंकले. चार दिवसांनी लीड्सला त्यांच्याच घरी ३-०. जानेवारीत त्याने युनायटेडकडून जॉनी इव्हान्सला लोनवर आणलं. १९ वर्षांचा, शांत, आवाज न चढवणारा पोरगा. ज्याला जग रागाचा पुतळा म्हणतं, त्याने बचावाची मदार अशा पोरावर टाकली हे मला फार बोलकं वाटतं. त्याला स्वतःसारखे अकरा कीन नको होते. टीमला काय कमी आहे ते त्याला कळत होतं.

मे २००७ मध्ये संडरलंड ८८ गुणांनी चॅम्पियनशिप जिंकलं. शेवटच्या दिवशी ल्यूटनवर ५-०. ऑगस्टमध्ये तळाला असलेली टीम मेमध्ये विजेती! पहिल्याच नोकरीत!

त्या मोसमातला एक किस्सा सगळ्यांना आठवतो. मार्च २००७, बार्न्सलीला निघालेली बस. तीन खेळाडू वेळेवर आले नाहीत, कीनने बस सोडायला सांगितली. टीम २-० ने जिंकून आली. हा किस्सा सांगायला सोपा, म्हणून तो उरला. पण त्या दिवशी बस सोडणं चाललं कारण राहिलेल्या खेळाडूंना त्याचं म्हणणं पटलेलं होतं. हीच बस दीड वर्षाने सोडली असती तर काय झालं असतं, हा खरा प्रश्न.

कारण प्रीमियर लीगमध्ये मामला बदलला. पहिला मोसम १५ व्या क्रमांकावर, म्हणजे टिकले. मधे एव्हर्टनकडून ७-१ असा मार खाल्ला, तोही पचवला. गोलकीपर क्रेग गॉर्डनसाठी ९० लाख पौंड मोजले. २००८ च्या उन्हाळ्यात जिब्रिल सिसे, एल-हाजी दियूफ, पास्कल शिंबोंडा, अँटन फर्डिनांड असे मोठ्या नावांचे खेळाडू आले. आधीची टीम वर चढायला आसुसलेल्या लोकांची होती. ही टीम आधीच वर पोचलेल्यांची. अशांना रागावून हलवता येत नाही, त्यांना समजावत बसावं लागतं, एकेकाला वेगळं. आणि जो माणूस स्वतः रोजच्या सरावातही जीव तोडून खेळला, त्याला दुसऱ्याला हे समजावून सांगावं लागतं हीच गोष्ट अपमानकारक वाटते. मोठ्या खेळाडूंचा मॅनेजर होताना इथे पाय अडखळतो. तापट असोत वा थंड, सगळ्यांचाच.

याच सुमारास क्लबमध्ये अमेरिकन गुंतवणूकदार एलिस शॉर्ट आला. क्विन अध्यक्ष होताच, पण पैसा आणि शेवटचा शब्द हळूहळू दुसरीकडे सरकत होता. कीनचं कुटुंब मँचेस्टरकडे, तो तिथून ये-जा करायचा, यावर कुरबुरी सुरू झाल्या. २५ ऑक्टोबर २००८ ला त्याच्या टीमने शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्धी न्यूकॅसलला आपल्या स्टेडियम ऑफ लाइटवर २-१ ने हरवलं. घरच्या मैदानावर न्यूकॅसलवरचा तो १९८० नंतरचा पहिला विजय. सहा आठवडेही झाले नाहीत आणि बोल्टनकडून ४-१ ने हरल्यावर तो निघून गेला. क्लब १८ व्या स्थानावर होता, म्हणजे घसरणीच्या रेषेखाली, पण मोसम अर्धाही झाला नव्हता. त्याच्या जागी आलेल्या रिकी स्ब्राजियाने तीच टीम वाचवलीही.

मला त्या डिसेंबरबद्दल आजही हळहळ वाटते. त्या आठवड्यात त्याला कुणी बसवून सांगायला हवं होतं की थांब, दोन दिवसांनी बोलू. त्याचा सहकारी टोनी लॉफलन हा नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या दिवसांपासूनचा मित्र, निष्ठावान. पण निष्ठावान असणं वेगळं आणि तोंडावर नाही म्हणता येणं वेगळं.

याउलट अर्जेंटिनाचा डिएगो सिमिओने बघा. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये बेकहॅमला रेड कार्ड मिळालं त्या प्रसंगातला हाच माणूस, तापटपणात कीनपेक्षा कणभरही कमी नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये खेळाडू म्हणून थांबला आणि लगेच तिथल्याच रासिंग क्लबचा कोच झाला. त्याच वर्षी एस्तुदियान्तेसला विजेतेपद मिळवून दिलं, २००८ मध्ये रिव्हर प्लेटला. आणि पुढच्याच स्पर्धेत रिव्हर चक्क शेवटच्या क्रमांकावर. तोही तिथून निघाला. पण तो थांबला नाही. सान लोरेन्सो, इटलीतलं कतानिया, पुन्हा रासिंग, आणि डिसेंबर २०११ मध्ये आतलेतिको माद्रिद. तोवर त्याच्याजवळ माणसं जमली होती. फिटनेस सांभाळणारा ऑस्कर ओर्तेगा, सहायक हेर्मान बुर्गोस. बुर्गोस हा अंगापिंडाने धिप्पाड माजी गोलकीपर, सिमिओनेला आवरायची हिंमत असलेला. टचलाइनवर सिमिओने आजही उड्या मारतो, प्रेक्षकांना हात वर करायला लावतो. २०१४ आणि २०२१ मध्ये त्याने लीग जिंकली ती याच स्वभावासकट.

इटलीचा तसाच तापट माजी खेळाडू गट्टूसो, त्याचंही तसंच. २०१३ मध्ये पालेर्मोने त्याला सहा लीग मॅचनंतर काढलं. त्यावर संपला असता. तो ग्रीसमधल्या ओएफआय क्रीटला गेला, मग तिसऱ्या पायरीवरच्या पिसाला गेला आणि २०१६ मध्ये त्यांना वर आणलं. पगार थकलेल्या, मालक गोंधळलेल्या क्लबांमध्ये त्याने हे काम शिकून घेतलं. मग मिलान, नापोली, २०२० चा कोपा इटालिया. ही पायपीट कीनच्या वाट्याला आली नाही. पहिल्याच वर्षी मोठं यश मिळालं आणि शिकायचा काळ तिथेच आटोपला.

पुढे २००९ मध्ये इप्सविचला गेला, तिथे ढाल धरणारा क्विन नव्हता. जानेवारी २०११ मध्ये नोकरी गेली. त्यानंतर आठवडाभरात इप्सविचने लीग कपच्या सेमीफायनलच्या पहिल्या मॅचमध्ये आर्सेनलला १-० ने हरवलं. तिथवर टीम कुणी आणली होती? कीननेच. हे कुणी सांगत नाही. मग २०१३ पासून पाच वर्षं मार्टिन ओ'नीलचा सहायक म्हणून आयर्लंडसोबत होता, जर्मनीला हरवलं, युरो २०१६ मध्ये इटलीला हरवलं. पण २०११ नंतर मुख्य मॅनेजर म्हणून त्याला पुन्हा कुणी घेतलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. नवा तापट मॅनेजर नेमला की त्याच्या कार्डांची यादी बाजूला ठेवा. सहायक कोण आहे, तो जुना मित्र आहे की नाही म्हणू शकणारा माणूस? अध्यक्ष किती दिवस टिकेल? मालक बदलायच्या बेतात तर नाही? क्लब वर चढायला धडपडणारा आहे की नावं विकत घेणारा? एवढं बघितलं तर तुमचा अंदाज टीव्हीवरच्या पंडितांपेक्षा बरा ठरेल. राग हा घोड्यासारखा आहे, लगाम दुसऱ्याच्या हातात थोडा तरी असावा लागतो.

२०२२ च्या जानेवारीअखेर संडरलंडच्या मॅनेजरची जागा रिकामी झाली, क्लब तेव्हा तिसऱ्या पायरीवर होता, आणि कीनशी बोलणी झाली. शेवटी अ‍ॅलेक्स नीलला नेमलं आणि मे महिन्यात वेम्बलीवर वायकॉम्बला २-० ने हरवून क्लब वर गेला. निर्णय चुकला असं कुणी म्हणू शकणार नाही. तरीही पन्नाशीतला, पाच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेला, मुलांची लग्नं-कार्यं बघायच्या वयाचा तो कीन मला त्या तिसऱ्या पायरीवर बघायचा होता. २००६ ला जे काम त्याला शिकायला मिळालं नाही, ते तिथे मिळालं असतं.