पिन कोणाला टोचली?

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. त्यात मी आहे, पण दिसत नाही.

माणसं बावीस, चेहरे एकवीस. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या पाच पोरांतला डावीकडून चौथा खांद्यापर्यंत शाबूत आहे, वर मात्र ओल्या बोटानं पुसलेली पाटी. ती पाटी म्हणजे मी.

फोटो मे १९७४चा, मिरजेच्या वाड्यातला. मुंबईचे काका-काकू सुट्टीला आले आणि ८ मेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. एसटी होती, पण काकूंना एसटी लागायची. मिरज ते मुंबई एसटीनं जायचं तर निम्म्या वाटेत त्यांना उतरवून घ्यावं लागलं असतं. संप मिटला २७ मेला. एवढे दिवस सगळं खानदान एका छपराखाली राहण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. आंबे संपले, गाद्या पुरेनात, दोन जावांचं बोलणं बंद झालं, तेव्हा आजोबा म्हणाले, "सगळे आहेत तर फोटो काढून घेऊ."

एकाच ताग्यातून आम्हा पाचही जणांना शर्ट-चड्ड्या शिवल्या. मापं घेतली थोरल्याची. उरलेल्यांच्या चड्ड्या कमरेला मागून पिना लावून थोपवल्या. फोटोग्राफर लाकडी कॅमेरा आणि तिवई घेऊन आला, काळ्या फडक्यात शिरला, बाहेर आला, "हलायचं नाही" म्हणाला आणि भिंगावरचं झाकण काढून मोजू लागला. एक... दोन... आणि माझी पिन सुटली.

ती कळ मला अजून आठवते. थंड, बारीक, माकडहाडाच्या जरा वर. शेजारी बंड्या मात्र सुपासारखे कान पसरून, दोन दात गायब असलेलं हसू घेऊन बसलाय. त्या कानांवरून मी त्याला पन्नास वर्षं छळलंय. त्याच्या लग्नात छळलं, परवा त्याच्या नातवाच्या बारशातही सोडलं नाही.

आता घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागणी आली, फोटो स्कॅन करून टाक. खिळे उपटले, मागचा पुठ्ठा काढला. एक कोपरा कसरीनं खाल्लेला. बाकीचा फोटो पन्नास पावसाळ्यांची ओल पिऊन काचेला घट्ट चिकटलेला. मी नख लावणार एवढ्यात फोटोच्या दुकानातला मुलगा ओरडला, "काका, ओढू नका! आजोबा टोपीसकट काचेवर राहतील!" मग काचेसकटच स्कॅन केला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण तो म्हणाला, "एआयनं साफ करून देऊ का? दीडशेच होतील."

दीडशे रुपयांत त्यानं आमच्या घराण्याला नवे पूर्वज दिले. काका गोरे झाले. अबोल्यातल्या दोन्ही जावा एकमेकींसारख्याच हसू लागल्या. आजीचं रुपयाएवढं कुंकू डाग समजून पुसलं, तेही शेजारी आजोबा धडधाकट बसलेले असताना! आणि माझ्या पाटीवर चेहरा उगवला होता. गालाला खळी, सरळ भांग, बिस्किटाच्या पुड्यावर शोभेल असं बाळ. ग्रुपवर बदाम पडू लागले. "किती गोड होतास रे!" कुंकवाची तक्रार मी लगेच केली. खळीबद्दल मात्र बोललो नाही. पन्नास वर्षांनी मिळालेला चेहरा, परत कशाला करा?

रविवारी मूळ फोटो आत्याला दाखवायला नेला. सत्तरी उलटली तरी कोण कोणाशेजारी का बसलंय, ते तिला पाठ. भिंग लावून तिनं एकेकावर बोट ठेवलं. "हे दादा... ही मी, उसनी साडी आहे ही... हा बंड्या."

बोट पाटीवर होतं.

"आत्या, तो मी. पिन टोचली नव्हती का मला?"

"तुला कशाला टोचेल? बंड्याला टोचली. वाडा डोक्यावर घेतला होता त्यानं. मीच हळद लावली की. तू हा बघ, शेजारी. दात काढून बसलायस."

मी म्हटलं, शक्यच नाही, ती कळ मला अजून आठवते.

"पुढची चार वर्षं बंड्या ज्याला त्याला तेच सांगत होता, त्यातलं ऐकलं असशील," आत्या म्हणाली. भिंग खाली ठेवून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि कान बघ की मेल्या आरशात."

घरी आल्यावर आरशात पाहिले. हल्ली केस विरळ झाल्यामुळे जास्तच दिसतात.

बंड्याला अजून कळवलेलं नाही.