‘वाढत्या पायाला वाढतं माप’ स्केट्सना लागू नाही

सुट्ट्या लागल्या की वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर इनलाइन स्केट्सबद्दल, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या बुटांबद्दल, एक मेसेज हमखास फिरतो: “इनलाइन स्केट्स दोन नंबर मोठे घ्या, चाकं कडक घ्या, बेअरिंगवर ९ चा आकडा बघा, आवाज आला की गंजाचा स्प्रे मारा, आणि ब्रेक काढून टाका, तो मध्ये येतो.” दांडिया बाजारातले आजी-आजोबाही नातवंडांसाठी हाच मेसेज दुकानदारापुढे धरतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

दोन नंबर मोठे हा यातला सगळ्यात घातक सल्ला. ढगळ बुटात टाच उचलली जाते, घोटा आत कलतो, आणि आईवडील म्हणतात, “याचे घोटेच कमजोर आहेत.” बहुतेकदा घोट्यात काही दोष नसतो, बूट मोठा असतो. पातळ मोजे घालून टाच मागे नीट ठोकून बसवा, मग बक्कल लावा. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकावा. टाच मात्र जागची हलता कामा नये. तसेच दहा-पंधरा मिनिटं दुकानात घालून बसा. बूट कुठे टोचणार असेल तर तिथेच कळतं. मुलांचे पाय वाढतात हे खरं, पण त्यासाठी कळ दाबून तीन-चार नंबर लांब होणारे बूट मिळतात. मोठ्यांनी तर वाढीव माप घ्यायचं काही कारणच नाही. पैसे कमी असतील तर चाकांवर वाचवा, बुटावर नको.

कडक चाकं झिजत नाहीत, हे अर्धंच खरं. ती झिजतात हळू, पण आपल्या सोसायट्यांच्या खडबडीत डांबरावर प्रत्येक खडा पोटरीपर्यंत जाणवतो आणि वळताना पकड सुटते. चाकावर छापलेला ‘ए’चा आकडा जितका मोठा, तितकं चाक कडक. रस्त्यासाठी ७८ए ते ८२ए कडकपणाची चाकं सुखाची. ८५ए आणि त्यापुढची गुळगुळीत हॉलमध्ये शोभतात. झीज सांभाळायची तर चाकाची आतली कड बघा. ती बाहेरच्या कडेपेक्षा तिरकी झालेली दिसली की पहिलं चाक तिसऱ्याच्या आणि दुसरं चौथ्याच्या जागी लावा, आणि झिजलेली बाजू बाहेर येईल असं उलटून बसवा.

आता तो ९ चा आकडा. एबेक १, ३, ५, ७, ९ ही बेअरिंग किती अचूक मापात बनली त्याची प्रतवारी आहे. स्केटिंगमध्ये बसणारे आडवे धक्के, धूळ, वंगण यांबद्दल ती काही सांगत नाही. हिशेब करून बघा: ८० मिमीच्या चाकाचा परीघ साधारण २५ सेंमी. ताशी २० किमी वेगातसुद्धा ते मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे घेतं. या मापाची साधी बेअरिंगंही त्याच्या कितीतरी पट वेग सोसतात. दोन बेअरिंगांमधली छोटी नळी, म्हणजे स्पेसर, जागेवर आहे ना, हे बघणं जास्त मोलाचं. ती हरवली तर बोल्ट आवळताच चाक जाम होतं.

स्प्रेबद्दल कळकळीने सांगतो. गंज सोडवणारा स्प्रे आतलं ग्रीस धुऊन काढतो. चाक दोन दिवस भन्नाट फिरतं, मग कोरडं घासू लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा शेजारच्या काकूंच्या कपाटाखालचे स्केट्सही बुडाले. चाक काढून बेअरिंगमध्ये करंगळी फिरवली तर आत वाळू दळल्यासारखी करकर लागत होती. उघडता येणारी बेअरिंगं झाकण काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतली, पूर्ण वाळवली आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. त्यातली बरीच वाचली; ज्यांत गंजाचे खड्डे पडले होते ती टाकली. एका जोडीत १६ बेअरिंगं असतात, त्यामुळे वेळ लागतो. पावसात भिजल्यावर स्केट्स पिशवीत कोंडू नका, पुसून वाऱ्यावर ठेवा.

ब्रेक, म्हणजे टाचेमागचा रबराचा ठोकळा, काढू नका. उतारावर समोर स्कूटर आली की नवशिक्याला थांबायला तेवढाच आधार असतो. पाय पुढे सरकवून टाच दाबायला आधी सपाट जागी शिका, आणि रबर झिजून त्यावरच्या खुणेपर्यंत आलं की लगेच बदला.