‘सहा महिन्यांतून एक चक्कर मारा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘मुलाने अमेरिकेचं ग्रीन कार्ड काढून दिलंय ना? मग तिथे राहायची गरज नाही. सहा महिन्यांच्या आत एक चक्कर मारत राहा, पाच वर्षांनी सिटिझनशिप. आधी नोकरीच्या व्हिसावर काढलेली वर्षंही धरतात. री-एन्ट्री परमिट काढला तर काळजीच नाही.’ या भरवशावर म्हातारी माणसं तिकिटं काढतात, म्हणून लिहितेय.

सहा महिन्यांचं आधी. सिटिझनशिपसाठी तिथे राहण्याच्या मुख्य अटी दोन आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. एक, पाच वर्षं सलग वास्तव्य, म्हणजे बिऱ्हाड तिथेच असणं, मध्ये लांब खंड न पडता. दुसरी, त्या पाच वर्षांत निम्मा काळ, म्हणजे ३० महिने, प्रत्यक्ष तिथे हजर असणं. साडेपाच महिने सोलापुरात आणि एक महिना तिकडे असं पाच वर्षं केलंत, तर हजेरी भरते जेमतेम नऊ-दहा महिने. मेसेजवाल्याने ही बेरीज केलेलीच नाही.

परवा शेजारचे काका पासपोर्ट घेऊन आले. कार्ड मिळून तीन वर्षं झालेली. चहा होईपर्यंत आम्ही एकेक शिक्का बघत कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेवर दिवस मांडले. निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवसही तिथलाच धरतात, तोही धरला. भरले ४३१. पाच वर्षांत ३० महिने म्हणजे लागतात ९१३. शिवाय दरवर्षी ते इथे सात-सात महिने राहिलेले. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की सलग वास्तव्य तुटलं असंच गृहीत धरतात. तुटलं नाही हे पुराव्यानिशी दाखवायची जबाबदारी तुमची. काकांचं घर इथे, पेन्शन इथली. दाखवणार काय?

वर्षभर किंवा जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटतंच, हातात री-एन्ट्री परमिट असला तरी. तो परमिट कार्डावर परत आत यायला उपयोगी पडतो, नागरिकत्वाचं घड्याळ चालू ठेवत नाही. इथेच सर्वांत जास्त लोक फसतात.

व्हिसावरची वर्षं धरतच नाहीत. मोजणी कार्ड मिळाल्या दिवसापासून. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असून दोघं एकत्र राहत असतील तर मुदत तीन वर्षांची आणि हजेरी १८ महिन्यांची. आई-वडिलांना ही सवलत नाही, मुलगा नागरिक असला तरी.

‘तारखा कोण बघतंय’ असंही कुणीतरी खाली लिहिलंय. अर्जातच पाच वर्षांतल्या प्रत्येक परदेशवारीच्या तारखा भरायच्या असतात. खोटं लिहिलं तर नागरिकत्व मिळाल्यानंतरही ते अंगाशी येऊ शकतं.

काकांनी शेवटी एवढंच विचारलं, “मग गड्ड्याला यायचंच नाही का?” यायचं की. जानेवारीत महिनाभर या, सिद्धेश्वराच्या यात्रेत फिरा आणि परत जा. तेवढ्याने हिशेब बिघडत नाही.